कोडे सुटले, म्हणजे डोके शाबूत?

साठी उलटलेले गृहस्थ दवाखान्यात येतात, रक्तदाब मोजून घेतात, सदऱ्याची बाही खाली करतात आणि उठता उठता विचारतात, ‘डॉक्टर, रोज शब्दकोडे सोडवले की विसरण्याचा आजार होत नाही म्हणतात. खरे का?’ गेल्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की या आठवड्याचे सदर त्यालाच द्यायचे ठरवले. मी स्वतः गेली तीस वर्षे सकाळच्या चहाबरोबर कोडे सोडवणारा माणूस आहे. कोड्याची बाजू घ्यायला मला आनंदच वाटेल. मात्र डॉक्टर म्हणून जेवढी घेता येते तेवढीच घेईन.

आधी उत्तर सांगून टाकतो. शब्दकोडे हा उत्तम विरंगुळा आहे आणि डोक्याला बऱ्यापैकी व्यायामही आहे. पण ते औषध नाही. आणि डोके ठणठणीत असल्याचा दाखला तर मुळीच नाही. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, म्हणून हा लेख.

शब्दकोडे जन्माला आले ते करमणुकीसाठी. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन नावाच्या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात पहिले कोडे छापले. त्याचा आकार पतंगासारखा, म्हणजे उभ्या शंकरपाळ्यासारखा होता. पुढे ते जगभर पसरले आणि मराठी दैनिकांतही येऊन स्थिरावले. आज अग्रलेख न वाचणारेसुद्धा कोडे चुकवत नाहीत.

आपले मराठी कोडे मात्र इंग्रजीपेक्षा वेगळे. इंग्रजीत एका घरात एक सुटे अक्षर बसते. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर असे सगळे बिऱ्हाड एका घरात राहते. एक साधे उदाहरण घ्या. आडवा शब्द आहे, ‘पाण्याने वेढलेली जमीन (२)’. उत्तर आले, ‘बेट’. त्याच्या पहिल्या घरातून उभा शब्द खाली जातो, ‘पिठल्याला लागते (३)’. हातात नुसता ‘ब’ नाही, मात्रेसकट ‘बे’ आहे. ‘बेसन’ सुचायला कितीसा वेळ लागणार? एक अक्षर पुढच्या शब्दाचा हात धरून त्याला ओढून आणते. गंमत आहे ती इथेच.

या गमतीत मेंदू बरीच कामे करतो. संकेत वाचायचा, त्याचा अर्थ लावायचा, तशा अर्थाचे चार शब्द आठवायचे, त्यांतले न बसणारे टाकून द्यायचे, उरलेला शब्द शेजारच्या घरांशी पडताळायचा. भाषेचे काम बहुतेक माणसांत मुख्यतः मेंदूच्या डाव्या भागात चालते, आणि निवड करण्याच्या, चूक ओळखण्याच्या कामात कपाळामागचा भाग पुढे असतो. शब्द अगदी जिभेवर येतो पण बाहेर पडत नाही, हा अनुभव कोडे सोडवणाऱ्या प्रत्येकाचा आहे. तो आजार नव्हे. दुपारी जेवताना तोच शब्द आपसूक आठवला, तर काळजीचे कारण नाही.

पण हा व्यायाम खरोखर घडायचा असेल तर कोडेही त्या तोलाचे हवे. इथे माझी कोडे रचणाऱ्यांविषयी थोडी तक्रार आहे. ती कुणा एका वृत्तपत्राविषयी नाही. बहुतेकांना लागू पडेल.

पहिली तक्रार शिळ्या शब्दांची. ‘बोकड (२)’ म्हणजे ‘अज’, ‘आवाज (२)’ म्हणजे ‘रव’, ‘पर्वत (२)’ म्हणजे ‘नग’, ‘पक्षी (२)’ म्हणजे ‘खग’. बोलण्यात हे शब्द कोणी वापरत नाही, पण दोन घरे भरायला सोयीचे असल्यामुळे ते कोड्यांत अमर झाले आहेत. मुरलेला माणूस ते विचार न करता लिहितो. रोज त्याच रस्त्याने जाणारा बैल गाडीवान झोपला तरी घरी पोचतो, तसा हा प्रकार. त्यात बैलाच्या बुद्धीला काय व्यायाम?

दुसरी तक्रार मोघम संकेतांची. ‘स्त्रीचे नाव (३)’ असा संकेत असतो. पहिले घर ‘स’, शेवटचे ‘ता’, आणि मधल्या घरातून दुसरा कोणताच शब्द जात नाही. मग सरिता लिहायचे की सविता? उद्याचा अंक येईपर्यंत दोन्ही बरोबर. तेच ‘नदी (३)’ असे दिले असते तर सरिता निश्चित झाली असती. ‘सूर्य (३)’ असे दिले असते तर आणखी बहार. सविता म्हणजे सूर्य आणि मूळ शब्द पुल्लिंगी, हे कित्येकांना नव्याने कळले असते. एक शब्द बदलला की अंदाजपंचे काम संपते आणि डोके चालू लागते.

तिसरी तक्रार ऱ्हस्व-दीर्घाची. आडवा शब्द ‘किरण’, आणि त्याच घरातून खाली ‘कीर्तन’. आता त्या घरात पहिली वेलांटी द्यायची की दुसरी? पहिली दिली तर खाली ‘किर्तन’ होते. कवीचा ‘वी’ आणि विहिरीचा ‘वि’ यांचेही असेच भांडण. काही ठिकाणी ‘ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करावे’ अशी तळटीप टाकून सुटका करून घेतात. शब्द सुचला, तो बसत नाही म्हणून पुन्हा विचार केला आणि मग योग्य शब्द मिळाला, यातच तर सारा व्यायाम आहे. कसेही बसवा म्हटले की तोच निघून जातो. शाळकरी मुले चुकीचे लिहायला शिकतात ते वेगळेच.

चौथी तक्रार खास डॉक्टरची. घरे पावट्याएवढी, संकेतांची अक्षरे मुंगीएवढी, आणि छपाई करड्या रंगाची. कोडी सोडवणाऱ्यांत पन्नाशीपुढचे पुष्कळ असतात हे ठाऊक असून असे का? जाहिरातीला अर्धे पान मिळते, तिथे कोड्याला चार बोटे जागा अधिक द्यायला हरकत नसावी. आणि उत्तरे त्याच पानावर उलटी छापण्याचा मोह टाळावा. अंक उलटा करायला वेळ लागत नाही.

चांगला संकेत कसा असतो? माझ्या मनाने एक देतो. ‘सरकारला भरायचा, देवापुढे जोडायचा (२)’. आणखी एक. ‘झाडाला असते, वहीला असते, जेवणानंतर तोंडात असते (२)’. उत्तरे ‘कर’ आणि ‘पान’. शब्द रोजचेच, पण उत्तर मिळाले की चेहऱ्यावर हसू येते. असे चार संकेत रोज मिळाले तरी कोड्याचे चीज झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोडे सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो का? यावर परदेशांत बरेच अभ्यास झाले आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांना काही वर्षे पाहिले गेले. त्याचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणे आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. या चार नावांत शब्दकोडे नव्हते. त्याच पाहणीतील, पुढे ज्यांना स्मृतिभ्रंश झाला अशा १०१ जणांचा हिशेब २०११ साली मांडला गेला. त्यांच्यातल्या कोडी सोडवणाऱ्यांची स्मरणशक्ती वेगाने घसरायला सुमारे अडीच वर्षे उशिरा सुरुवात झाली होती. म्हणजे काही फायदा दिसला, पण आजार टळला नाही.

स्कॉटलंडमधील अभ्यास २०१८ सालचा. १९३६ साली जन्मलेल्या ४९८ जणांमध्ये असे दिसले, की आयुष्यभर डोके चालवणाऱ्यांची बुद्धी म्हातारपणी वरच्या पायरीवरून उतरू लागते, पण उतरण्याचा वेग इतरांसारखाच असतो. २०२२ साली अमेरिकेतून आलेला अहवाल कोडेप्रेमींना सुखावणारा आहे. स्मरणशक्ती थोडी उणावलेल्या १०७ जणांपैकी काहींना संगणकावर शब्दकोडी दिली, काहींना संगणकावरचे बुद्धीचे खेळ. ७८ आठवड्यांनी कोडेवाले थोडे सरस ठरले. पण काहीच न करणारा तिसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे एवढ्यावरून नगारा वाजवता येत नाही.

शिवाय एक मेख आहे. बाजारात रोज चालत जाणारे आजोबा धडधाकट दिसतात. ते चालतात म्हणून धडधाकट आहेत, की धडधाकट आहेत म्हणून चालू शकतात? कोड्याचेही तसेच. ज्यांचे डोके मुळात नीट चालते, तेच ऐंशीव्या वर्षी कोड्यात रमतात. म्हणून ‘कोडे सोडवा, स्मृतिभ्रंश टाळा’ असे कुणी छातीठोकपणे सांगू लागले, तर हात जोडून पुढे जावे.

आता दाखल्याची गोष्ट. एक निवृत्त गृहस्थ मुलाबरोबर तपासणीला आले. नोकरी महसूल खात्यात झालेली, अक्षर मोत्यासारखे. मुलगा कौतुकाने म्हणाला, ‘बाबांचे डोके आमच्यापेक्षा तल्लख आहे. रोजचे कोडे पेनने भरतात. एक खाडाखोड नाही.’ त्यांची पत्नी मागे बसली होती. ती हळूच म्हणाली, ‘अहो, पण सकाळची गोळी घेतलेली दहा मिनिटांनी विसरतात आणि पुन्हा घेतात. परवा मंडईतून येताना वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या घराकडे वळले. मी वर्षभर सांगतेय. सगळे म्हणतात, कोडे सोडवतात ना, मग काय झालेय त्यांना?’

मी त्यांना तीन सोपे शब्द सांगितले. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून ते शब्द विचारले. एकही आला नाही. मी शब्द सांगितले होते, हेच त्यांना आठवेना. पुढे मोठ्या शहरातील मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासले आणि अल्झायमरची सुरुवात असल्याचे निदान झाले. त्या वर्षभरात रक्तदाबाची गोळी किती वेळा दुप्पट घेतली गेली असेल आणि कितीदा ते चक्कर येऊन पडता पडता वाचले असतील, कोण सांगणार?

हे कसे होते? मेंदूच्या आत, कानशिलाच्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग आहे. नवी गोष्ट लक्षात ठेवण्याच्या कामी तो लागतो. अल्झायमरचा घाला बहुतेकदा आरंभी तिथे पडतो. जुने शब्द, म्हणी, देवादिकांची नावे मात्र पुष्कळ दिवस शाबूत राहतात. माळ्यावरचे जुने सामान जागच्या जागी असते, पण आज आणलेली भाजी कुठे ठेवली ते सापडत नाही, तशी ही अवस्था. आणि रोजच्या कोड्याला लागते ते माळ्यावरचेच सामान. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासांतही वयस्कर मंडळी तरुणांपेक्षा कोडी सोडवण्यात वरचढ ठरली होती. मात्र जास्त कोडी सोडवल्यामुळे वयानुसार होणारी बुद्धीची घट कमी झाल्याचे तिथे दिसले नाही. म्हणून घरच्यांना माझे कळकळीचे सांगणे, की भरलेले कोडे पाहून निर्धास्त होऊ नका. दिवसभर जी व्यक्ती सोबत असते, बहुधा पत्नी किंवा सून, तिचे म्हणणे ऐका.

लक्ष कशावर ठेवायचे? तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे. ओळखीच्या रस्त्यावर चुकणे. पैशांचा साधा हिशेब न जमणे. गोळ्यांचा घोळ. नेहमीचा स्वयंपाक किंवा पूजा करताना क्रम विसरणे. गॅस चालू ठेवणे. स्वभाव एकदम बदलणे. यातले काही वरचेवर घडत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

उलट बाजूही आहे. वर्षानुवर्षे कोडे सोडवणारा माणूस हळूहळू ते अर्धवट टाकू लागला, घरे रिकामी राहू लागली किंवा न बसणारी अक्षरे भरू लागला, तर तीही खूण समजावी. लगेच घाबरू नये. कदाचित मोतीबिंदू असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मन उदास असेल. शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, शाकाहारी मंडळींत ते कमी पडण्याचा संभव अधिक. थायरॉइड मंदावले असेल, झोपेच्या गोळ्यांची सुस्ती असेल, किंवा पडल्यामुळे डोक्यात रक्त साखळले असेल. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत, आणि ते वेळेवर केले तर विसराळूपणा कमीही होतो. ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून घरी बसवले तर तेवढी संधी जाते.

आणि एकाएकी शब्द सुचेनासे झाले, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. तिथे ‘सकाळपर्यंत पाहू’ नको. मालीश नको, अंगारा नको. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि आपल्या खेड्यापाड्यांतून त्यातला अर्धा वेळ गाडी मिळवण्यात जातो.

मग स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी करायचे तरी काय? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली अशा १४ गोष्टींची यादी दिली, ज्यांची काळजी घेतली तर जगातील स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू शकतील किंवा लांबू शकतील. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अति मद्यपान, लठ्ठपणा, बैठे जीवन, ऐकू न येणे, कमी दिसणे, औदासीन्य, डोक्याला मार, दूषित हवा, अपुरे शिक्षण आणि एकटेपणा. यादी पुन्हा वाचा. कोडे न सोडवणे हे कारण त्यात नाही. कानाचे यंत्र लावायला लाजणारे आणि रक्तदाबाची गोळी ‘बरे वाटतेय’ म्हणून बंद करणारे आजोबा रोज दोन कोडी सोडवतात, तेव्हा ते तिजोरीला कुलूप लावून मागचे दार उघडे ठेवतात. आणि स्कूटरवर हेल्मेट घालणे हाही मेंदूचाच उपाय आहे, हे तरुणांनी लक्षात घ्यावे.

आपल्या देशाचा आकडाही लहान नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. म्हणजे ज्यांच्या हातात वर्तमानपत्र क्वचितच पडते, त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. ज्या आजीला लिहिता-वाचता येत नाही तिला शब्दकोडे काय कामाचे? पण तिच्याकडे उखाणे आहेत, ओव्या आहेत, नातवंडांना घालायची कोडी आहेत. भजनी मंडळात एक नवा अभंग पाठ करणे हा शब्दकोड्याच्या तोडीचा व्यायाम आहे, वर चार माणसांची संगत फुकट. तिला ‘तू बस, तुला काय कळतंय’ म्हणून कोपऱ्यात बसवणे मात्र बंद करायला हवे.

कोडे सोडवणाऱ्यांना चार सूचना. एक, उत्तर अडले की लगेच मोबाइलमध्ये पाहू नका, दिवसभर डोक्यात घोळू द्या. दोन, तेच ते कोडे हातासरशी सुटत असेल तर दुसरे अवघड शोधा, किंवा स्वतः रचून पाहा. रचणे सोडवण्याहून कठीण असते. तीन, एकट्याने भरू नका. बायकोला विचारा, नातवाला विचारा, शेजाऱ्याला हाक मारून विचारा. अडलेल्या एका शब्दावरून अर्धा तास गप्पा होतात आणि एकटेपणावर तेवढाच उतारा मिळतो. चार, कोडे संपले की खुर्चीतून उठा आणि अर्धा तास झपझप चाला. चालणे डोक्यालाही मानवते.

मी स्वतः कोडे सोडणार नाही आणि तुम्हीही सोडू नका. फक्त उद्या सकाळी अंक उघडण्याआधी रक्तदाबाची गोळी घ्या, आणि ती घेतल्याची खूण कॅलेंडरवर करा.